फरक पडला का, बाय?

डिस्कला हात लावण्याआधी ते साबणानं हात धुवायचे. दोन वेळा धुवायचे, मग पंख्याखाली पंजे पसरून वाळवायचे. टॉवेलला पुसायचे नाहीत, कारण टॉवेलचा दोरा डिस्कला लागतो असं त्यांचं म्हणणं. तोवर समोरच्या माणसानं बोलायचं नाही. मग डबा उघडायचा, डिस्क कडेनं दोन बोटांत धरायची, खिडकीच्या उजेडात तिरकी करून बघायची आणि प्लेअरच्या ट्रेमध्ये ठेवायची. ट्रे आत गेला की ते जाऊन खुर्चीत बसायचे. खुर्चीचे चार पाय जिथे टेकायचे तिथे फरशीवर काळ्या चिकटपट्टीच्या चार खुणा होत्या. केर काढताना खुर्ची बोटभर जरी सरकली तरी त्यांना बसल्याबसल्या कळायचं आणि काकीच्या नावानं हाक जायची.

सानपाडा गावातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये आम्ही सात वर्षं भाड्यानं राहिलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. मी बेलापूरला सरकारी ऑफिसात, तो ठाण्याकडच्या एका कारखान्यात. तळमजल्यावर घरमालक आणि त्यांची बायको, म्हणजे काकी, वरच्या तीन मजल्यांवर आमच्यासारखे साताऱ्याचे, मालवणचे, नाशिकचे भाडेकरू. सगळं गाव त्यांना डायवर म्हणायचं, म्हणून आम्ही डायवरकाका म्हणायला लागलो. मला आधी वाटलं होतं ट्रक चालवत असतील. पण ते डायवर होते लाँचचे. मोरा बंदरातून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर खाली इंजिनापाशी बसणारा जो माणूस असतो, तो. वडिलांची शेती नव्या शहरात गेली, राहिलेल्या जागेवर भावांनी इमारती उठवल्या, आणि हे मात्र ऐन उमेदीत सगळं सोडून मोऱ्याला लाँचवर जाऊन बसले. बायकोही तिथलीच केली. रिटायर झाले तेव्हा भावांनी त्यांच्या वाटणीची ही बिल्डिंग त्यांच्या हाती दिली. बिल्डिंगीचं त्यांना काही कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते डिस्क प्लेअरचं.

लोक आपापले प्लेअर भंगारात घालत होते त्या काळात त्यांनी तो घेतला. वाशीच्या एका दुकानदारानं शेवटचा पीस म्हणून दिला होता. त्याला जोडायला कुणाकडून तरी एक जुना, जड, काळा अँप्लिफायर मिळवला आणि दोन कमरेइतके उंच स्पीकर. प्लेअर आणि अँप्लिफायरच्या मध्ये एक बारीक वायर होती, तिच्या टोकातून लाल उजेड यायचा. घरी कुणी नवीन आलं की काका ती वायर उपसून तिचं टोक पाहुण्याच्या तळहातावर धरायचे. तळहातावर लाल ठिपका पडायचा.

"हा बग आवाज," ते म्हणायचे. "उजेड होऊन जातो. तिकडं गेला का परत आवाज."

पाहुणा हसला तर त्याला चहा मिळायचा. गंभीर झाला तर जेवण.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती त्या प्लेअरच्या पुस्तकामुळे. आम्हाला राहायला येऊन दोन महिने झाले असतील. रविवारी सकाळी दाराशी काका उभे, अंगात बनियन, खाली लुंगी, हातात मॅन्युअल.

"मॅडम, तुमी सरकारी मानूस. इंग्रजी वाचता ना?"

"वाचते. काय झालं?"

"गाण्याच्या शीड्या वाजतान. लग्नाची डीवीडी लावली का मुक्की. चित्र चालतंय, तोंडा हलतान, आवाज नाय."

खाली गेले. ती डिस्क त्यांच्या पुतण्याच्या लग्नाची होती. पडद्यावर हळदीचा मांडव, आणि मांडवात बायकांच्या घोळक्यात काकी बसलेली, तोंड उघडून गात होती. आवाज शून्य. काकी धवलारीण होती, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधीची गाणी म्हणायला जिला मानानं बोलावतात ती. पनवेलपासून उरणपर्यंत तिला आमंत्रणं यायची. त्या मांडवातल्या गाण्यांचं हे एकच रेकॉर्डिंग घरात होतं. काकी स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या दारात कोयता घेऊन बसली होती आणि बोंबील साफ करताकरता म्हणत होती, "मी हिती जिवंत बसलीय, तर यांना मशीनमधली पायजे."

मी मॅन्युअल वाचलं. ऑडिओ सेटिंगच्या पानावर लिहिलं होतं की डिजिटल आउटपुटला दोन पर्याय असतात, पीसीएम आणि बिटस्ट्रीम. बिटस्ट्रीम ठेवलं तर प्लेअर डिस्कवरचा आवाज जसाच्या तसा, गाठोडं न सोडता पुढे पाठवतो, आणि ते सोडणं अँप्लिफायरच्या अंगावर येतं. काकांचा अँप्लिफायर जुना. त्याला ते गाठोडं सोडता येत नव्हतं. मी रिमोटनं मेनूत जाऊन पीसीएम केलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग त्या दोन उंच स्पीकरांतून काकीचा आवाज खोलीत आला. उघडा, खणखणीत, थोडा नाकातला. दारात बसलेल्या काकीचा कोयता थांबला.

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच त्या आवाजाला जन्म दिला होता. मग त्यांनी मला पुन्हा समजावून द्यायला लावलं, आणि ऐकून झाल्यावर मलाच समजावलं.

"म्हंजे असा. पीसीएम म्हंजे कोलनीनं म्हावरा साफ करून दिला, आपन नुसता शिजवायचा. बिटस्ट्रीम म्हंजे टोपलीसकट आनून टाकला, आता तुमचा तुमी साफ करा. आनि माज्या अँपला म्हावरा साफ करता येत नाय."

इतकं सोपं करून ते मॅन्युअल लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून मॅडम गेली. मी 'बाय' झाले. लोकांना सांगताना मात्र ते म्हणायचे, "ही आमची इंजिनेर." मी बीए आहे, तेही राज्यशास्त्रात. पण ऑफिसात मला दिवसभर कुणी काही विचारत नसे, आणि इथे एक सत्तरीचा माणूस माझ्या शब्दावर आपली मशीन लावत होता. मला ते आवडायचं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्या आवडण्यातच आहे.

मग दर रविवारी अकरा वाजता बैठक. त्यांच्या खुर्चीशेजारी माझ्यासाठी दुसरी खुर्ची आली, तिच्या पायांनाही चिकटपट्टीच्या खुणा. काका एकेक सेटिंग बदलायचे आणि विचारायचे, "फरक पडला का, बाय?" प्रत्येक वेळी काय ऐकू आलं ते एका लांबट वहीत लिहायचे. लाँचवर इंजिनाची वही लिहायची सवय होती, तशीच ही. तारीख, भरती की ओहोटी, सेटिंग, शेरा. भरती-ओहोटी कशाला, असं मी विचारलं होतं. "भरतीला हवा जड होते," ते म्हणाले. यावर वाद घालायची सोय नव्हती. एक शेरा माझ्या लक्षात राहिलाय: "ओहोटी. पीसीएम. आवाज साफ, पन लांबचा."

मेनूत आणखी एक सोय होती. मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणायची, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास न होता सगळं ऐकू यावं. ती मी त्यांना एकदा लावून दाखवली, तर त्यांनी रिमोट माझ्या हातातून काढूनच घेतला.

"ही भेसळ हाय. जो हळू गायला तो हळूच ऐकायला पायजे. इंजिन कदी खोटा बोलत नाय, त्याच्याशी आपनपन खोटा बोलायचा नाय."

इंजिनाची गोष्ट त्यांच्या बोलण्यात कशीही यायचीच. एक प्रसंग तर मी त्यांच्याकडून, काकीकडून आणि त्यांच्या मुलीकडून, असा तीनदा ऐकला. लाँच भर खाडीत होती, वर सत्तर-ऐंशी माणसं. इंजिन नेहमीसारखं धडधडत होतं, कुणाला काही जाणवलं नाही. खाली बसलेले काका एकदम उठले, वर जाऊन सुकाणूवरच्या तांडेलाला म्हणाले, लाँच फिरव. तांडेल म्हणाला, काय झाला? काका म्हणाले, आवाजात एक ठोका जास्त हाय. तांडेल चिडला, पण फिरवली. बंदराला लागल्यावर मेकॅनिकनं उघडून बघितलं तर आतला एक बोल्ट जवळजवळ निघून आला होता. अर्धा तास आणखी गेले असते तर इंजिन भर खाडीत फुटलं असतं. त्या दिवसापासून मोरा बंदरात म्हणायचे, डायवरचे कान सरकारनं विकत घ्यायला पायजेत.

पस्तीस वर्षं त्या इंजिनाच्या उशाशी बसून त्याच कानांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात यायला दोन वर्षं लागली.

हळूहळू काकांची तक्रार सुरू झाली की लग्नाच्या डिस्कमधला आवाज दबलाय. "गाते, पन शब्द खाते," ते म्हणायचे. वायर बदलली. स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले, मागे नेले. दुकानातून डिस्कची नवी कॉपी काढून आणली. मला दर रविवारी नवं काहीतरी शोधायला लावलं. मला तर आवाज पहिल्या दिवसाइतकाच खणखणीत ऐकू येत होता, पण मी म्हणायचे, "हो, थोडा दबलाय खरा." का म्हणायचे? ते इतक्या विश्वासानं विचारायचे की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटायचं.

एका रविवारी काकी मागून येऊन म्हणाली, "चाय ठेवू क?" काकांनी उत्तर दिलं नाही. काकीनं पुन्हा विचारलं नाही. ती सरळ फिरून त्यांच्या समोर आली आणि तेच पुन्हा म्हणाली. "ठेव ना," काका म्हणाले. काकीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी उठून पाणी प्यायच्या निमित्तानं त्यांच्या खुर्चीमागे गेले. डिस्क संपली होती, खोलीत शांतता होती. नेहमीच्या आवाजात मी म्हटलं, "काका, तुमच्या वहीवर पाणी सांडलं." त्या वहीवर कुणी बोट लावलेलं त्यांना चालत नसे. काका वळले नाहीत. शांतपणे रिमोटचं मागचं झाकण काढून सेल बघत बसले.

वर जाताना काकीनं मला जिन्यात गाठलं.

"कलला ना तुला?"

"काकी, कधीपासून?"

"वरीस-दोन वरीस झाली. मी समोर जाऊन बोलते, तोंड बघून समजतान. मी कानाचा नाव काडला का जेवन सोडतान. बोलतान, ज्या कानांवर लाँच चालवली त्यांना नावा ठेवते." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "माजा नाय ऐकनार. तू शिकलेली, तू मशीनमधली मानूस. तू सांग. तुजा ऐकतील."

"सांगते," मी म्हटलं. "येत्या रविवारी सांगते."

येत्या रविवारी मी खाली गेले तेव्हा काका हात वाळवत उभे होते. मला बघितल्यावर म्हणाले, "ये. या बिल्डिंगीत खरे कान दोगांचेच, तुजे आनि माजे. बाकी सगला बाजार." काकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी खुर्चीत बसले. वाक्य तोंडात तयार होतं. आठवडाभर जुळवलं होतं. काकांनी मॅन्युअलचं एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. "हे बग, हिती अट्ठेचाळीस का शहाण्णव विचारतंय. हे आपन केलाच नाय."

ते सेटिंग आवाज किती बारकाईनं मोजून पाठवायचा याचं होतं, आणि त्या लग्नाच्या साध्या डिस्कवर त्यानं काडीचा फरक पडणार नव्हता. ते तिथेच खाली छापलेलं होतं. मी ते वाचलं.

"करून बघू या, काका," मी म्हटलं.

शहाण्णव केलं. डिस्क लागली. "फरक पडला का, बाय?"

"पडला."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलवली. वहीत लिहिलं. मी दाराकडे बघितलं तेव्हा काकी तिथे नव्हती.

त्यानंतर तिनं मला पुन्हा सांगितलं नाही. मला वाटलं, बरं झालं. आणखी दोन वर्षं मी रविवारी तिथे जाऊन बसत होते आणि फरक पडतो म्हणत होते. कधी मला वेळ नसे, कधी कंटाळा असे. तरी जायचे, आणि उलट स्वतःला चांगली समजायचे, की म्हाताऱ्या माणसाला इतका वेळ देते.

मग काकीला पोटाचा आजार निघाला. निघाला तोवर बराच पसरला होता. नेरूळच्या हॉस्पिटलात ती तीन आठवडे होती. मोऱ्याला दिलेली मुलगी येऊन राहिली होती. मी ऑफिस सुटल्यावर जायचे म्हणजे मुलीला थोडा वेळ बाहेर जाता यायचं.

त्या दिवशी मुलगी औषधं आणायला गेली होती. काका स्टुलावर काकीच्या उशाशी, मी पायथ्याशी. काकीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं डोळे उघडले, काकांचा हात ओढून घेतला आणि बोलायला लागली. आवाज अगदी बारीक झाला होता, पण मला शब्दन्‌शब्द कळत होता.

"मी गेल्यावर एकले राहू नका. लेकीकडं जा, मोऱ्याला. लेकीच्या घरी राहत नाय, असा करू नका. तिला मी सांगितला नाय. तुमी मला सबूद द्या. जाल ना?"

काका तिच्या तोंडाकडे बघत होते. तोंड मास्कखाली होतं. ते तिच्या डोळ्यांत बघत राहिले, आणि ती थांबली तेव्हा त्यांनी तिच्या हातावर थोपटून जोरजोरात मान हलवली.

"हो, हो. तसाच करू. तू बोलशील तसाच."

काकीचा चेहरा सैल पडला. इतके दिवस कपाळावर असलेली आठी गेली. तिनं डोळे मिटले.

काकांनी मला खूण केली, आम्ही बाहेर आलो. बाकाशेजारी उभं राहून त्यांनी विचारलं, "काय बोलली ती? त्या मास्कात काय समजत नाय. पानी मागत होती ना?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. चार वाक्यं होती. ती त्यांच्यासमोर उभी राहून, तोंड नीट उघडून म्हणायला हवी होती. पण त्यातलं पहिलं वाक्य 'मी गेल्यावर' असं होतं आणि मला ते त्यांना म्हणता आलं नाही.

"हो," मी म्हटलं. "पाणी मागत होत्या."

ते लगबगीनं खाली जाऊन बाटली घेऊन आले. मास्क बाजूला करून नर्सनं काकीच्या तोंडात चमच्यानं दोन घोट घातले. काकीनं पाणी मागितलंच नव्हतं, तरी ती प्यायली. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला अजून बघवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी त्यांना म्हणाली, "बाबा, आता हिती एकले नका राहू. चला मोऱ्याला. बंदर समोर हाय, तुमचे जुने मानसा हायत." काका तयार होईनात. मुलीच्या घरी राहायचं नाही हा त्यांचा जुना हट्ट. मुलगी रडली, चिडली. शेवटी काका माझ्यासमोरच तिला म्हणाले, "तुज्या आयेनं सांगितला असता तर गेलो असतो. तिचा शब्द मोडला नसता. पन ती काय बोलली नाय." मी चहाचे कप उचलून आत नेले आणि बेसिनपाशी नळ सोडून उभी राहिले.

एकटे राहिल्यावर त्यांचं न ऐकणं उघडं पडायला लागलं. समोर येऊन बोलणारं माणूसच उरलं नव्हतं. दूधवाला बेल वाजवून परत जायचा. कुकर शिट्ट्या देऊन देऊन आटायचा, जळका वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. एका संध्याकाळी माझा नवरा कामावरून येताना तो वास आला म्हणून आत शिरला, गॅस बंद केला आणि काकांच्या समोर उभा राहून, ओरडून नाही, पण एकेक शब्द मोकळा करून म्हणाला, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही. उद्या सुट्टी आहे मला. चला, कान तपासून येऊ."

मी दारात होते.

काकांनी वासाच्या दिशेनं, स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "किती वाजता निघायचा?"

एवढंच. जेवण सोडलं नाही, रागावले नाहीत. दीड मिनिटाचं काम होतं. दोन वर्षांहून जास्त मी ते टाळलं होतं.

तपासणी झाली. यंत्र मिळालं. पण तपासणाऱ्या बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की यंत्रानं आवाज मोठा होईल, शब्द कळतीलच असं नाही. कानाला इतकी वर्षं नीट ऐकू आलं नाही की मेंदूची शब्द ओळखायची सवय मोडते. "दोन-तीन वर्षं आधी आणलं असतं तर पुष्कळ फरक पडला असता," त्या म्हणाल्या. माझा नवरा म्हणाला, "आम्हाला कळलंच नाही हो." त्याला खरंच कळलं नव्हतं.

घरी आल्यावर काकांनी हात धुतले, वाळवले आणि लग्नाची डिस्क लावली. मला बोलावलं. मी माझ्या खुर्चीत बसले. हळदीचा मांडव, बायका, मध्ये काकी. आवाज सुरू झाला. काका पुढे झुकून ऐकत होते. त्यांनी सेटिंगला हात लावला नाही. पाच मिनिटं झाली असतील. मग त्यांनी यंत्र काढून तळहातावर ठेवलं, पुन्हा घातलं, पुन्हा ऐकलं.

"पत्र्यावर खडे टाकल्यासारका वाजतंय," ते म्हणाले. "ही ती नाय."

प्लेअर बंद करून त्यांनी त्यावर कापड टाकलं. वही मागितली, तीत काहीच लिहिलं नाही, मिटून ठेवली. त्यानंतर रविवारची बैठक झाली नाही.

मी आणखी आठ दिवस काढले. मग एका दुपारी खाली गेले. ते पायरीवर बसले होते. मी एक पायरी खाली, त्यांच्या तोंडासमोर बसले आणि हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं. काकी काय बोलली, तिनं शब्द मागितला, त्यांनी तो दिला. पाण्याचं मी खोटं सांगितलं. एकदा सांगून पूर्ण कळलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.



"पानी नव्हती मागत?"

"नाही."

"मंग मी पानी आनला तो..."

"प्यायल्या त्या, काका."

"आनि मी हो बोललो."

"हो. तुम्ही म्हणालात, तू बोलशील तसाच करू. त्या निवांत झोपल्या मग."

त्यांनी मान हलवली. उठून आत गेले. मला वाटलं आता दार लावून घेतील. पण थोड्या वेळानं फोनवरचा त्यांचा आवाज ऐकू आला. हल्ली ते फार मोठ्यानं बोलायचे. मुलीला सांगत होते, "न्यायला ये. तुज्या आयेला सबूद दिलाय."

प्लेअर, अँप्लिफायर, स्पीकर त्यांनी बरोबर नेले नाहीत. पुतण्याला नेऊ दिले. डिस्क मात्र एका कापडात बांधून नेली.

आम्हीही पुढच्या वर्षी घर बदललं. मी त्यांना भेटायला मोऱ्याला गेले ती त्यानंतर. मुलीचं घर बंदराच्या रस्त्यावर, पुढे ओटा. ओट्यावर काका बसले होते, वाळलेले, पण दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. मला बघून उठायला लागले. मुलीनं मला बसवलं, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून बजावलं आणि सुरमईचे तुकडे करायला आत गेली. काकांनी बिल्डिंगीतल्या प्रत्येक भाडेकरूची चौकशी केली. मी सावकाश, समोर बघून उत्तरं दिली. काही कळली, काहींना ते हसून मान हलवत होते, आणि त्यांचं ते मान हलवणं मी आता ओळखत होते.

मग ते म्हणाले, "बाय, एक इचारू?"

"विचारा."

"माज्या कानांचा तुला आदीपासून ठावूक होता ना? ती असल्यापासून?"

मी मान हलवली. हो.

"मंग बोलली का नाय?"

रागानं विचारलं नव्हतं. इंजिनात कुठं काय सुटलं ते मेकॅनिकला विचारावं तसं, नुसतं जाणून घ्यायला विचारलं. मी तोंड उघडलं. त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून, असं म्हणणार होते. पण ते खरं नव्हतं. तुमच्या डोळ्यांतली इंजिनेर मला व्हायची होती म्हणून, हे खरं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. ओठ हलले असतील. शब्द एकही आला नाही.

काका वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी ओशाळं हसून कानातलं यंत्र बोटानं आत दाबलं आणि माझ्याकडे आणखी झुकले.

"जरा मोठ्यान बोल, बाय," ते म्हणाले. "मला ऐकायला नाय आला."